सव्वादोन तासांचा हिशेब

मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानाच्या तिकिटावर साधारण सव्वादोन तासांचा प्रवास छापलेला असतो. एखादी कंपनी दोन तास दहा मिनिटे लिहिते, एखादी दोन तास वीस. दोन्ही विमानतळांमधले सरळ अंतर आहे सुमारे १,१३७ किलोमीटर. या मार्गावर बहुतेक वेळा दिसणारी एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमाने उंची गाठल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतात. शाळेतला भागाकार केला की उत्तर येते एक तास बावीस मिनिटे. मग उरलेली पन्नासेक मिनिटे जातात कुठे?

त्यांचा हिशेब लागतो, अगदी मिनिटामिनिटाचा लागतो. पण तो लावायला बसले की भूगोल, वारे, लष्कराची हद्द, मुंबईतली जागेची टंचाई आणि विमान कंपन्यांचा धोरणीपणा अशी सगळी मंडळी एकापाठोपाठ एक हजर होतात. दोन शहरांमध्ये एकच अंतर असते आणि ते कापायला एकच वेळ लागतो, ही समजूत मग फार काळ टिकत नाही.

आधी अंतर. मुंबई-दिल्ली किती, असे फोनला विचारले तर कधी १,१३७ किलोमीटर असे उत्तर येते, कधी १,१६५ च्या आसपासचे. दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा मुंबईच्या विमानतळापासून दिल्लीतल्या पालमपर्यंतचा, दुसरा फोर्टापासून कॅनॉट प्लेसपर्यंतचा. मुंबईचा विमानतळ शहराच्या उत्तर अंगाला आहे आणि दिल्लीचा नैर्ऋत्येला, म्हणजे दोघेही एकमेकांच्या बाजूला सरकून बसलेले. त्यामुळे विमानाची तीसेक किलोमीटर वाचतात आणि प्रवाशाला ती टॅक्सीत मोजावी लागतात. रेल्वेचा आकडा आणखी वेगळा. १९७२ पासून धावणाऱ्या मुंबई राजधानीचा मार्ग सुमारे १,३८५ किलोमीटरचा आहे आणि ती साधारण सोळा तास घेते. रस्त्याने जाणाऱ्याने चौदाशे किलोमीटर धरून चालावे.

विमानाचे अंतर ‘सरळ’ असते असे आपण म्हणतो, पण गोल पृथ्वीवर सरळ म्हणजे काय? पृथ्वीगोलावर दोन शहरांवर बोटे ठेवून मध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या वाटेने जाईल ती सर्वांत जवळची वाट. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्‌वृत्त म्हणतात. मुंबई-दिल्लीसारख्या छोट्या अंतरावर ही वाट आणि भिंतीवरच्या नकाशात पट्टीने ओढलेली रेघ यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. लांबच्या प्रवासात मात्र तो चांगलाच दिसतो. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेला प्रवासी समोरच्या पडद्यावर विमानाची वाट पाहतो आणि बुचकळ्यात पडतो. नकाशावर पट्टी ठेवली तर अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि मग अटलांटिक असा मार्ग निघायला हवा, आणि विमान तर ध्रुवाकडे निघाल्यासारखे दिसते. गणित सांगते की १२,५०० किलोमीटरच्या या प्रवासातली सर्वांत जवळची वाट मुंबईतून वायव्येकडे निघून ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ पोहोचते, म्हणजे नॉर्वेतल्या ऑस्लोपेक्षाही उत्तरेला, आणि मग खाली न्यूयॉर्ककडे उतरते. लबाडी करतो तो भिंतीवरचा नकाशा. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना त्याने उत्तरेकडचे प्रदेश वाजवीपेक्षा फुगवलेले असतात.

वैमानिक हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. त्यांचे माप नॉटिकल मैल, जहाजवाल्यांकडून आलेले. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. त्या हिशेबाने मुंबई ते दिल्ली ६१४ नॉटिकल मैल होतात.

आता ही सरळ वाट कुठल्याही विमानाला क्वचितच मिळते. आकाशात रस्ते आखलेले असतात. पाच-पाच अक्षरांची, उच्चारायला सोपी पण बहुधा काहीच अर्थ नसलेली नावे दिलेल्या बिंदूंना जोडत ते जातात. शिवाय देशाच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलासाठी राखीव असतो. भारताच्या आकाशापैकी जेमतेम ६० टक्केच नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येते, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मे २०२० मध्ये सांगितले होते. हे निर्बंध सैल केले तर विमान कंपन्यांचे वर्षाला सुमारे हजार कोटी रुपये वाचतील, असा सरकारचा तेव्हाचा अंदाज होता. लष्कराला गरज नसेल तेव्हा ते आकाश नागरी विमानांना द्यायचे, अशी पद्धत त्यानंतर सुरू झाली. वळसा घातलेला प्रत्येक किलोमीटर इंधन खातो, आणि त्याची किंमत शेवटी तिकिटात येते.

देशाची सीमा ओलांडायची असेल तर हा वळसा राजकारणाच्या हाती जातो. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते १६ जुलैला उघडले. तेवढ्या महिन्यांत दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमाने आधी दक्षिणेला, गुजरात आणि अरबी समुद्रावर येऊन मग पश्चिमेला वळत होती. इंडिगोचे दिल्ली-इस्तंबूल विमान एरवी एका दमात जाऊ शकले असते, त्याला इंधनासाठी दोह्यात उतरावे लागत होते. एअर इंडियाला या काळात जुलैच्या सुरुवातीपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी तेच आकाश भारतीय कंपन्यांसाठी पुन्हा बंद झाले. इंडिगोने दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदला जाणारी उड्डाणे थांबवली. त्या कंपनीची लहान विमाने वळसा घालून तिथे पोहोचूच शकत नव्हती. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा बंद केली, त्यामागच्या कारणांतही हे बंद आकाश होते. दिल्ली जागची हलली नव्हती, ताश्कंदही नाही. तरी त्यांच्यामधले अंतर वाढले.

या भानगडीत मुंबईला त्या मानाने कमी झळ बसते. तिच्या पश्चिमेला समुद्र आहे आणि समुद्रापलीकडे ओमान. आखाताकडची वाट मुंबईकरांना पाकिस्तानच्या आकाशावाचून खुली असते.

अंतर कमी-जास्त झाले की वेळ कमी-जास्त होणार, हे समजायला सोपे आहे. पण एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरात याच्या उलटे करून दाखवले. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर पश्चिमेला, युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ते त्यांनी पूर्वेला, चीन-जपानच्या बाजूने पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरनी लांबली, १५,३०० किलोमीटर झाली. आणि प्रवास जवळजवळ दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला.

तेव्हा काही बातम्यांत याचे श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला दिले गेले. विमान पृथ्वीच्या फिरण्याच्या दिशेने गेले, म्हणून लवकर पोहोचले, असे. हा गैरसमज फार जुना आणि फार चिवट आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. हवा तिच्याबरोबर फिरत नसती तर जुहूच्या किनाऱ्यावर माणूस उभा राहू शकला नसता. हवा जमिनीबरोबरच फिरते, आणि त्या हवेत उडणारे विमानही. त्यामुळे फिरण्याचा थेट फायदा कोणालाच मिळत नाही. फायदा मिळतो तो वाऱ्याचा.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमाने उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची तापलेली हवा आणि ध्रुवांकडची थंड हवा यांच्यातल्या तफावतीतून ते तयार होतात. पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे तो इतकाच, की ती या वाऱ्यांना पूर्वेकडे वळवते. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांच्या दृष्टीने सामान्य वेग. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. आपले निष्कर्ष जगाला कळावेत म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापले. ती भाषा वाचणारे जगात इतके थोडे, की त्या कामाकडे कोणी लक्षच दिले नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर बॉम्ब टाकायला गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना हे वारे अंगावर आले तेव्हा त्यांची ताकद सर्वांना पटली. पॅन अमेरिकन कंपनीने १९५२ मध्ये टोकियोहून होनोलुलूला जाताना मुद्दाम या वाऱ्यात शिरून प्रवास अठरा तासांवरून साडेअकरा तासांवर आणला. अलीकडचे उदाहरण ९ फेब्रुवारी २०२० चे. अटलांटिकवर ‘किआरा’ वादळ घोंघावत होते. ब्रिटिश एअरवेजचे जंबो न्यूयॉर्कहून निघाले आणि ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. उलट दिशेने हाच प्रवास सात-आठ तासांचा असतो.

भारतात हिवाळ्यात या वाऱ्याची एक शाखा उत्तर भारतावरून जाते. मुंबई-दिल्ली मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर असल्याने तिथे तो बराचसा बाजूने लागतो आणि फार फरक पडत नाही. पण मुंबई-कोलकाता घ्या. अंतर सुमारे १,६६० किलोमीटर, वारा अजिबात नसेल तर ८३० च्या वेगाने बरोबर दोन तास. आता वाटेत सरासरी ताशी शंभर किलोमीटरचा पश्चिमेचा वारा धरा. जाताना वेग ९३० होतो आणि एक तास सत्तेचाळीस मिनिटे लागतात. येताना तो ७३० होतो आणि दोन तास सोळा मिनिटे लागतात. अर्ध्या तासाचा फरक, त्याच दोन शहरांमध्ये. आणि बेरीज करून पाहिली तर चार तासांच्या जागी चार तास तीन मिनिटे. जाताना वाऱ्याने दिलेले येताना तो थोड्या व्याजासकट परत घेतो, कारण सामोऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवते. हिवाळ्याच्या वेळापत्रकात कोलकात्याहून मुंबईला येणाऱ्या विमानाला जाणाऱ्यापेक्षा जास्त वेळ दिलेला दिसतो, तो यामुळे.

पावसाळ्यात चित्र पालटते. जून ते सप्टेंबर द्वीपकल्पावर, खूप उंचावर, उलट म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहतो. १९५० च्या दशकात भारतीय हवामान खात्यातले शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी या पूर्वेच्या जेट प्रवाहाची नीट मांडणी केली आणि आपल्या मान्सूनशी त्याचा संबंध दाखवला. चेन्नईहून मुंबईला निघालेल्या वैमानिकाला तेव्हा पाठीमागून ढकलणारा मिळतो तो हाच वारा. जमिनीवर पाऊस पाडणारी व्यवस्था वर आकाशात विमानांची घड्याळे हलवत असते, हे बहुतेक प्रवाशांच्या गावीही नसते.

एक काळ असा होता की अंतर आणि वेळ यांचे नाते दर दहा वर्षांनी नव्याने मांडावे लागत होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पुस मॉथ नावाचे एका इंजिनाचे चिमुकले विमान घेऊन टपालाच्या थैल्यांसह निघाले. वाटेत अहमदाबादला उतरले. तिथे इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेल्याची आठवण पुढे अनेकदा सांगितली गेली. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघालेले ते विमान दुपारी दोनच्या आत जुहूच्या मैदानावर टेकले. कराची-मुंबई सरळ अंतर पावणेनऊशे किलोमीटर, त्याला सात तासांहून थोडे अधिक लागले. सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघाले, आणि एअर इंडियाची परदेशसेवा सुरू झाली.

याच काळातली एक कल्पना आजही थक्क करते, आणि तिचे केंद्र महाराष्ट्रात होते. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक डाकोटा विमान उडायचे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला सोनेगावात उतरायची. तिथे थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. नागपूरच का? नागपूरपासून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५. ताशी पावणेतीनशे किलोमीटर उडणाऱ्या डाकोटाला ही चारही अंतरे अडीच ते साडेतीन तासांची. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत, आणि त्यासाठी एकाच विमानाला सगळी वाट कापावी लागत नव्हती. अंतराचा इतका नेटका उपयोग नंतरच्या श्रीमंत दिवसांतही फारसा कोणी केलेला दिसत नाही. पुढे जेट विमाने आली, मुंबई-दिल्ली थेट दोन तासांवर आली आणि नागपूरच्या मध्यरात्रीची गरज संपली.

१९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ ही पहिली जेट विमाने घेतली. आणि इथे एक गंमत आहे. वेगाच्या बाबतीत ती आजच्या ए-३२० पेक्षा हळू नव्हती. साठ वर्षांत विमाने कमी आवाजाची, कमी इंधन पिणारी, जास्त सुरक्षित झाली, पण जास्त वेगवान झाली नाहीत. ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेचा रोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्चही. ती भिंत ओलांडणारे काँकॉर्ड १९७६ ते २००३ प्रवासी घेऊन उडत राहिले. १९९६ मध्ये न्यूयॉर्क ते लंडन त्याने तीन तासांच्या आत केले. पण त्या तिकिटाचे पैसे देऊ शकणारे थोडे, आणि त्याचा गडगडाट आपल्या डोक्यावरून जाऊ द्यायला तयार असलेले देश त्याहून थोडे. विमान व्यवसायाने ठरवून टाकले, की वेग पुरे, आता पैसे वाचवा. २००८ मध्ये इंधन भडकले तेव्हा अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीने विमाने जराशी हळू उडवायला सुरुवात केली. प्रत्येक उड्डाण एक ते तीन मिनिटांनी लांबले आणि वर्षात ४ कोटी २० लाख डॉलर वाचण्याचा कंपनीचा अंदाज होता.

आता मुंबई-दिल्लीच्या त्या पन्नास मिनिटांकडे परत येऊ. तिकिटावर असते त्याला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. विमानाच्या चाकांखालचे अडसर काढून ते जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हा ही वेळ सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर चाकांखाली पुन्हा अडसर लागतात तेव्हा संपते. उडणे हा त्यातला फक्त मधला भाग. मुंबईत विमान टॅक्सी करत धावपट्टीपर्यंत जाते, तिथे पुढच्या चार-पाच विमानांमागे थांबते. एवढ्यात पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. बहुतेक दिवस वारा समुद्राकडून असतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते. म्हणजे दिल्लीला जायला निघालेले विमान आधी अरबी समुद्रात शिरते आणि मग वळून उत्तरेचा रस्ता धरते. उंची गाठेपर्यंत त्याचा वेग ८३० च्या बराच खाली असतो. दहा हजार फुटांखाली तर ताशी सुमारे ४६० किलोमीटरची वेगमर्यादाच आहे. दिल्लीच्या दोनशे किलोमीटर अलीकडेच उतरण सुरू होते आणि वेग पुन्हा कमी होत जातो. असे करून हवेतला वेळ होतो पावणेदोन तासांच्या आसपास.

मग दिल्लीत जमिनीवरचा प्रवास. हा विमानतळ इतका पसरलेला आहे, की उतरल्यावरही विमानाला कित्येक किलोमीटर चालावे लागते. जुलै २०२३ मध्ये तिथे रस्त्यांवरून जाणारा एक उन्नत टॅक्सी-मार्ग सुरू झाला. एका बाजूची धावपट्टी आणि टर्मिनल एक यांच्यातले विमानाचे चालणे त्यामुळे नऊ किलोमीटरवरून दोनवर आले. डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याने मात्र या सगळ्यावर कधीही पाणी पडते.

परतीच्या प्रवासात खरी परीक्षा असते ती मुंबईच्या आकाशात. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. अशा एका धावपट्टीवर नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दिवसात १,०३२ विमाने चढली-उतरली. हा विक्रम म्हणून मिरवायला ठीक आहे. पण त्याची किंमत वर घिरट्या घालणारे प्रवासी चुकवत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच आकडे दिले. गर्दीच्या वेळी विमानांना ४० ते ६० मिनिटे मुंबईवर घिरट्या घालाव्या लागत होत्या. तासाभरात एक विमान सरासरी २,००० किलो इंधन जाळते, म्हणजे चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.८ लाख रुपयांचे आणि तासाभरात २.६ लाखांचे. मग आदेश निघाला आणि गर्दीच्या तासांतली विमाने ताशी ४६ वरून ४४ वर, एरवीची ४४ वरून ४२ वर आणली गेली. नव्या धावपट्टीला जागाच नसलेल्या शहरात दुसरा उपायही नव्हता. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन व्हायला ८ ऑक्टोबर २०२५ उजाडले.

या सगळ्या अनिश्चिततेवर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे वेळापत्रकात थोडा जास्तीचा वेळ घालून ठेवणे. विमान ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत असेल तर सरकारी आकडेवारीत ते ‘वेळेवर’ मोजले जाते. ब्लॉक टाइममध्ये दहा मिनिटे आधीच धरलेली असली, की वीस मिनिटे उशिरा सुटलेले विमानही वेळेवर पोहोचू शकते. “आपण नियोजित वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचलो आहोत,” अशी घोषणा ऐकून प्रवासी सुखावतात. त्यातले श्रेय वैमानिकाचे किती आणि वेळापत्रक करणाऱ्याचे किती, हे त्या दिवशीचा वारा आणि रांग पाहूनच ठरवावे. ही फसवणूक आहे असे म्हणता येणार नाही. पुढे जोडविमान पकडायचे असेल तर थोडी सैल पण पाळली जाणारी वेळ कधीही बरी.

परदेशाला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गुंता असतो, घड्याळांचा. सुटण्याची वेळ निघालेल्या शहराची छापतात, पोहोचण्याची उतरायच्या शहराची. लंडन भारताच्या हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेचार. त्यामुळे दोन वेळांची नुसती वजाबाकी केली तर नऊ-दहा तासांचा मुंबई-लंडन प्रवास चार-पाच तासांचा भासतो. तसे पाहिले तर हा गुंता एकेकाळी देशातच होता. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

दार ते दार प्रवास मोजायचा तर तिकिटावरचे सव्वादोन तास जेमतेम एक तृतीयांश भरतात. देशांतर्गत प्रवासात चेक-इन काउंटर बहुतेक ठिकाणी एक तास आधी बंद होतो, त्यामुळे दीड-दोन तास आधी पोहोचावे लागते. डोंबिवलीहून निघणाऱ्याने रस्त्याचे दोन तास वेगळे धरायचे आणि दिल्लीत सामान, मेट्रो, रिक्षा यांचा तासभर. बेरीज सात तासांच्या आसपास जाते. तरीही राजधानीच्या सोळा तासांपेक्षा ती कमीच. पण मुंबई-गोव्यासारख्या जवळच्या प्रवासांत विमानाने खरोखर किती वेळ वाचतो, हा हिशेब प्रत्येकाने आपल्या घराच्या दारापासून मांडावा.

शेवटी ब्लॉक टाइमचा एक सरळ उपयोग प्रवाशाला ठाऊक असावा, कारण तो पैशांशी निगडित आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे भरपाईचे नियम किलोमीटरवर चालत नाहीत, ब्लॉक टाइमवर चालतात. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला तर खाणेपिणे देणे कंपनीला बंधनकारक आहे. अडीच ते पाच तासांच्या प्रवासात ही मर्यादा तीन तासांची आहे. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द झाले आणि कारण वादळ किंवा दंगलीसारखे कंपनीच्या हाताबाहेरचे नसेल, तर तासापर्यंतच्या प्रवासासाठी ५,०००, एक ते दोन तासांसाठी ७,५०० आणि दोन तासांवरच्या प्रवासासाठी १०,००० रुपयांपर्यंत भरपाई ठरलेली आहे. मूळ भाडे आणि इंधन अधिभार मिळून ही रक्कम त्याहून कमी भरत असेल, तर तेवढी मिळते. मुंबई-नागपूर मधल्या गटात बसते. मुंबई-दिल्लीचे विमान हवेत पावणेदोन तासच असले, तरी तिकिटावर दोन तासांच्या वर छापलेले असल्याने ते वरच्या गटात मोडते. म्हणून तिकीट काढताना त्या छोट्या अक्षरांतल्या आकड्याचा एक फोटो फोनमध्ये काढून ठेवावा. काउंटरवर वाद घालायची वेळ आली, तर दाखवायला तोच कामी येतो.